क्वेट्टा कुणाचं?

प्रश्न : बलुचिस्तानातलं क्वेट्टा तिथल्याच कलात संस्थानाच्या खानाचं होतं ना? मग इंग्रजांनी ते लढून घेतलं का?

उत्तर : नाही, खंडाने घेतलं. लढाई आधीच झाली होती. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या मुंबईच्या सैन्याचा जनरल विल्शायर १३ नोव्हेंबर १८३९ रोजी कलातच्या किल्ल्यात शिरला. तेव्हाचा खान, मेहराब खान, लढता लढता मारला गेला. मग १८७६ चा तह, सँडेमन या इंग्रज अधिकाऱ्याने घडवलेला. खान आणि त्याच्या बलुची सरदारांच्या भांडणात पंच इंग्रज! १८८३ मध्ये तेव्हाच्या खानाने, खुदादाद खानाने, वर्षाला २५,००० रुपयांवर क्वेट्टा दिलं, ३०,००० वर बोलन खिंडीची जकात. मला जकातच जास्त बोचते. आपल्याच खिंडीतून जाणाऱ्या उंटांच्या तांड्यावर खानाचा हक्क उरला नाही. १८९३ मध्ये त्याची गादीही काढून घेतली.