बेअरिंगचं प्रशिक्षण: आधी ऑफ-सीझन, मग फी

वाळवा तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून वर्षभर साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बेअरिंगचं वंगण आणि झीज यावरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्याला करायचंय. ‘ग्रीस मारायला शिकायचे पैसे कशाला? त्यापेक्षा कॉम्प्युटरचा कोर्स करू दे का?’ असं ते विचारतात.

दादा, मुलाला अडवू नका. विषय त्याने चांगला निवडलाय. फक्त फी आत्ताच भरू नका.

ग्रीस मारणं सोपं वाटतं, म्हणूनच बेअरिंगं जातात. ६३१० नंबरचं बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर, रुंदी २७. दोन्हींचा गुणाकार करून ०.००५ ने गुणलं की पुन्हा भरायचं ग्रीस निघतं, जेमतेम १५ ग्रॅम. आपल्याकडे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबतात. जास्तीचं ग्रीस आत घुसळतं आणि बेअरिंग तापतं. तापमान ७० अंशांच्या वर गेलं की दर १५ अंशांना ग्रीसची मुदत निम्मी होते. ग्रीसचेही प्रकार असतात; लिथियमच्या ग्रीसवर पॉलियुरियाचं मारलं तर बहुधा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. हे जाणणारा माणूस ऐन गळितात आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) बंद पडू देत नाही, आणि तो थांबून गाळप अडलं तर काय होतं हे तुम्हाला ऊस उत्पादक म्हणून मी सांगायला नको.

आता ऑफ-सीझन, म्हणजे गळीत बंद असतानाचे महिने, वाया घालवू नका. मिलच्या रोलची ब्रास बेअरिंगं वेगळी, ती सोडा. पंप, मोटारी, फॅन यांतून निघालेलं प्रत्येक बेअरिंग भंगारात जाण्याआधी त्याने कापून, धुऊन पाहावं. रेसवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर, रोलरच्या अंतराने खुणा दिसल्या, तर ते बेअरिंग बहुधा शेजारच्या यंत्राच्या हादऱ्यांत नुसत्या उभ्या राहिलेल्या स्टँडबाय पंपाचं. नुसती चकाकी आली असेल तर वंगणाचा थर पुरला नाही. फोटो, मशीन, ग्रीसचं नाव, तारीख वहीत लिहावी. नुकसानीच्या प्रकारांसाठी आयएसओ १५२४३ हे मानक आहे, वर्गवारी त्याप्रमाणे करावी.

ही वही घेऊन प्रशिक्षणाला गेला तर तीन दिवस सार्थकी लागतील. प्रशिक्षण निवडताना एवढंच विचारा: खराब बेअरिंग हातात देतात का? नुसत्या स्लाइड असतील तर नको. पुढे आयसीएमएल या यंत्रांच्या वंगणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची एमएलटी (मशिनरी लुब्रिकेशन टेक्निशियन) पहिल्या पातळीची परीक्षा आहे; कुपवाड-मिरजेपासून साताऱ्यापर्यंतच्या कारखान्यांत मेंटेनन्सची नोकरी मागताना ती कामी येईल.

कॉम्प्युटरचं म्हणाल, तर एक्सेल त्याला यायलाच हवं. त्यासाठी वेगळा महागडा कोर्स नको. आणि प्रशिक्षणाची फी कारखान्याकडे मागायला सांगा, अर्जासोबत ती वही जोडून.