खड्यांच्या बांगड्या: आजीच्या की आत्ताच्या?

मागच्या अंकात मोडीबद्दल लिहिलं होतं, की जुना दागिना मोडीत घातला की सोन्याचे पैसे मिळतात आणि खडे अक्षरशः फुकट जातात, त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त बांगड्यांचेच होते. म्हणून यावेळी फक्त बांगड्या. उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या की कानातलं, गळ्यातलं नुसतं लटकत असतं पण बांगडी दिवसभर आपटते, ओट्याला, दाराच्या कडीला, लॅपटॉपला, बसच्या दांड्याला, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या बांगडीला. दागिन्यांमध्ये सगळ्यात मार खाणारा दागिना हाच. त्यामुळे अंगठीत छान टिकलेला खडा बांगडीत टिकेलच असं नाही.

ताई, सासूबाईंच्या लाल खड्यांच्या पाटल्या आहेत, १९४८ सालच्या, त्यांच्या लग्नातल्या. सराफ म्हणाले खडे खोटे आहेत, सोन्याचे तेवढे पैसे देतो नाहीतर नवीन डिझाईन करून घ्या. आम्ही इतकी वर्षं माणिक समजून लॉकरमध्ये जपल्या. काय करू? (एक वाचक, सांगली)

आधी एक करा, पाटल्या घरी परत आणा आणि कुणालाही वितळवू देऊ नका. "खोटे" हा शब्द दुकानात फार सहज वापरतात पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी येतात. साधी लाल काच असू शकते. स्पिनेल असू शकतं, तो खरा नैसर्गिक खडा आहे, फक्त माणिक नाही, आणि शेकडो वर्षं लोकांनी त्याला माणिकच म्हटलंय, ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' प्रसिद्ध आहे ना, ते सुद्धा स्पिनेलच निघालं. आणि तुमच्या पाटल्यांच्या सालाकडे बघता मला तिसरी शक्यता बरीच वाटते, कारखान्यात बनवलेलं माणिक. लोकांना वाटतं हे सगळं आत्ताचं फॅड आहे, पण व्हर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि पुढच्या काही वर्षांतच असे खडे जगभरच्या दागिन्यांत जाऊन बसले. म्हणजे दागिना जुना म्हणून खडा खाणीतलाच, असं गृहीत धरता येत नाही. हे खडे रासायनिकदृष्ट्या माणिकच असतात, कडकपणाही तोच, त्यामुळे घासून, ओरखडा काढून वगैरे काही कळत नाही. दहापट भिंगातून बघितलं तर आत बारीक गोल बुडबुडे किंवा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळणाच्या रेषा दिसतात, खाणीतल्या खड्यात रेषा सरळ किंवा कोनात असतात.

आता पाटली उलटी करून बघा. खड्याची मागची बाजू सोन्याने बंद असेल तर आत बहुधा डांक असणार, म्हणजे खड्याखाली ठेवलेला चकचकीत पातळ पत्रा. डांकेमुळे फिका खडा सुद्धा लालभडक दिसतो, आणि साधी काच सुद्धा! म्हणून बंद कोंदणातल्या खड्याचा रंग बघून कुणी किंमत सांगत असेल, जास्त किंवा कमी, तर ते मनावर घेऊ नका. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी, आता आयआयजीजे-आरएलसी, आहे, अशा स्वतंत्र लॅबमध्ये दाखवा. जो दागिना विकत घेणार आहे त्याच्याकडूनच खड्यांची पारख करून घेणं मला अजिबात पटत नाही.

आणि समजा, खडे कारखान्यातलेच निघाले. तरी मी त्या मोडणार नाही. पंचाहत्तर वर्षांत ज्यातला एकही खडा हलला नाही ते कोंदण आज तुम्हाला कोण करून देणार? जुन्या पाटलीत खडा सोन्याच्या पातळीत बसवलेला असतो, वर येत नाही, त्यामुळे आपटलं तरी मार सोनं खातं. ते काम बघायला शिका, खड्याची किंमत नंतर.

मी पुण्यात आयटीत आहे, २७ वर्षांची. पहिल्या बोनसमधून स्वतःसाठी एकच पण रोज घालता येईल अशी खड्यांची बांगडी घ्यायचीय, मॉडर्न. पाचू फार आवडतो. आई म्हणते घेऊ नकोस, उगाच की काही कारण आहे?

आई बरोबर सांगतीये. पाचू कडक असतो, एक ते दहाच्या मोह्स मोजमापात साडेसात ते आठच्या मध्ये, पण कडक असणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं. पाचूच्या आत जन्मतःच बारीक चिरा असतात, त्या दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंना तेल पाजलेलं असतं, सीडरवूडचं वगैरे, हे सगळ्या जगात चालतं आणि लपवलं नाही तर त्यात फसवणूकही नाही. पण रोजच्या बांगडीत साबण, गरम पाणी, आपटणं, तेल सुकतं आणि चिरा पांढरट दिसायला लागतात. माझ्या आईची पाचूची बांगडी एका दुकानात कौतुकाने "मशीनमध्ये धुऊन देतो" म्हणाले, अल्ट्रासॉनिक मशीन, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनांनी साफ करणारं, आणि परत आली तेव्हा दोन खड्यांमध्ये आरपार चीर. आई काही बोलली नाही, बांगडी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, मला ते अजून आठवतं. पाचू घे, जरूर घे, पण कानात घे.

रोजच्या हातासाठी हिरा, माणिक, नीलम. हिरा दहा, माणिक आणि नीलम नऊ. हिशोब सोपा आहे, घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूतल्या खनिजाचे, कण असतात, त्यांचा कडकपणा सात, म्हणजे सातच्या खालचा कुठलाही खडा नुसता पुसता पुसता हळूहळू मंद होतो. पेरिडॉट, ओपल, फिरोजा, टांझानाईट हे सगळे सुंदर आहेत पण रोजच्या बांगडीचे नाहीत. हिरवाच हवा असेल तर हिरवी टुरमलीन बघ, सात ते साडेसात, पाचूइतक्या चिरा नसतात आणि पैसेही बरेच कमी लागतात. नीलमला आजी हरकत घेईल, "आधी मानवतो का बघ" म्हणेल, त्यावर मी काही बोलणार नाही, पण नीलम म्हणजे फक्त निळा नसतो, गुलाबी, पिवळा पण मिळतो, रोजच्या वापराला याच्यासारखा खडा नाही.

माणिक घेताना मात्र एक विचार, काच भरलेलं आहे का? गेल्या वीसेक वर्षांत चिरांमध्ये शिशाची काच भरलेली माणकं बाजारात खूप आलीत, दिसायला मस्त, स्वस्त, पण लिंबाच्या रसाने सुद्धा ती काच खराब होते आणि सोनाराची ज्योत लागली तर संपलंच. बिलावर खड्याचं नाव आणि त्याच्यावर केलेली प्रक्रिया दोन्ही लिहून घे.

बसवणी बघताना खड्याभोवती पूर्ण सोन्याची कड असलेली, म्हणजे बेझल, घे. प्राँगचे, म्हणजे खडा धरून ठेवणारे, छोटे दात स्वेटरला, ओढणीला अडकतात आणि एक दात उघडला की खडा कधी पडला ते कळतही नाही. सोनं १८ कॅरेट म्हणजे ७५० शिक्क्याचं घे, २२ कॅरेट मऊ असतं, खडे धरून ठेवायला ते तितकं चांगलं नाही. (आईला हे पटवायला वेळ लागेल.) बिजागरीचं, उघडणारं कडं घेणार असशील तर खटका तर हवाच पण त्यावर अजून एक सेफ्टी पण हवी. आणि आकार थोडा अंडाकृती असेल तर बांगडी हातावर गोल फिरत नाही, खडे वरच राहतात, टेबलावर घासत नाहीत, ही छोटी गोष्ट आहे पण मी तर आधी तेच बघते.

मापाचा गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगते, २.४ म्हणजे दोन पॉइंट चार इंच नव्हे. दोन इंच आणि चार आणे, सोळा आणे म्हणजे इंच, म्हणजेच सव्वादोन, आतून साधारण ५७ मिलिमीटर. २.६ म्हणजे ६०, आणि २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट. ऑनलाईन मागवताना मिलिमीटरच विचार. पूर्ण गोल, सगळीकडून खडे असलेली बांगडी नंतर मोठी-लहान करणं जवळजवळ अशक्य असतं.

बिलात नक्की काय बघायचं? दुकानात गेलं की सगळं भराभर बोलतात आणि आम्ही मान हलवतो. (ठाण्याहून)

खड्यांच्या बांगडीत दोन वजनं असतात, ग्रॉस म्हणजे खड्यांसकट आणि नेट म्हणजे नुसत्या सोन्याचं. सोन्याचा भाव फक्त नेट वजनाला लागला पाहिजे. पाच कॅरेट खडे म्हणजे एक ग्रॅम. समजा बांगडी २५ ग्रॅम भरली आणि त्यात दहा कॅरेट खडे आहेत, तर सोनं २३ ग्रॅम, त्या दोन ग्रॅमचे पैसे सोन्याच्या भावाने देऊ नका. खड्यांची किंमत वेगळी, घडणावळ वेगळी, आणि एकूण किमतीवर ३ टक्के जीएसटी. हॉलमार्क बघा, त्यात सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तिथेच उभं राहून तपासा, अजिबात लाजू नका. पण हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अक्षर नाही. खडा मोठा असेल तर त्याचं वेगळं सर्टिफिकेट लागतं.

कुंदन, पोलकी आणि जडाव यांना सक्तीच्या हॉलमार्कमधून सूट आहे. का, तर त्यात आत लाख भरलेली असते आणि खड्याभोवती शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे दाबून बसवलेले असतात. म्हणून तिथे तर बिल जास्तच नीट हवं, सोनं किती, लाख किती, खडे किती, तिन्ही वजनं लिहून मागा. द्यायला टाळाटाळ केली तर उठून बाहेर या, खरंच.

दुकानात "अँटिक बांगडी" म्हणून दाखवली, पण ती तर कालच घडवलेली वाटत होती. मग अँटिक कशाला म्हणतात?

दुकानात अँटिक म्हणजे बहुतेक वेळा अँटिक फिनिश, मुद्दाम काळपट केलेलं पॉलिश. नवीनच दागिना आहे तो, आवडला तर घ्या पण जुन्याचे पैसे देऊ नका. खऱ्या जुन्या बांगडीत आतली बाजू मनगटाला घासून गुळगुळीत झालेली असते, कडा झिजलेल्या, पेचाचे आटे हाताने पाडलेले आणि थोडे वाकडे, खडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत कारण हाताने कापलेत. काळपटपणा फक्त खोलगट भागात असतो. सगळीकडे सारखा काळा म्हणजे बाटलीतला काळा.

आजेसासूबाईंच्या मोती आणि पाचूच्या बांगड्या सासूबाई मला देतायत, शंभर वर्षांच्या तरी असतील. मी न्यू जर्सीला असते, सुट्टीला आलेय, बरोबर घेऊन जाऊ का? (पत्र पुण्यातून)

थांबा जरा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कलावस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर नेता येत नाही, घरातली असली तरी. वय नक्की माहीत नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे वस्तू दाखवून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मागता येतो, आधी ते करा, विमानतळावर रडायची वेळ आणू नका. आणि शंभरीच्या वर निघाल्या तर? तर त्या इथेच राहू देत, सासूबाईंकडे, आणि प्रत्येक सुट्टीत घाला. मला कळतंय हे ऐकायला बरं वाटणार नाही.

बांगड्या खरोखर १९२० च्या आधीच्या असतील तर मोती नैसर्गिक असण्याची शक्यता मोठी, आपल्याकडे ज्याला बसरा म्हणतात ते, कारण शेतीचे, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, गोल मोती बाजारात मोठ्या प्रमाणात त्यानंतर आले. दाताला घासून खरखरीत लागलं म्हणजे बसरा, असं कुणी सांगेल, तर त्या परीक्षेत फक्त प्लास्टिक आणि काच वेगळी पडते, शेतीचा मोती सुद्धा खरखरीतच लागतो. दोघांतला फरक लॅबमध्ये एक्स-रे काढूनच कळतो. मोती ओवलेला दोरा मात्र लगेच बदलून घ्या, रेशमीच, आणि जुना एकही मोती बदलू देऊ नका, समोर बसून मोजून द्या आणि मोजून घ्या.

डिसेंबरात लग्न आहे. हिरवा चुडा, त्यात आईच्या मोत्याच्या बांगड्या, तोडे, पाटल्या आणि मी घेतलेलं हिऱ्याचं कडं, सगळं घालायचंय. कुठलं कुठे घालू? (नाशिक)

तुझं पत्र वाचून छान वाटलं, जुनं आणि नवं दोन्ही एकाच हातात! पण हातात एवढी गर्दी झाली की त्या एकमेकींनाच घासतात. मोती अगदी मऊ, अडीच ते साडेचार, आणि काच साधारण साडेपाच, म्हणजे हिरव्या काचेच्या बांगड्या दिवसभर मोत्याला घासल्या तर मोत्याची झळाळी जाते आणि ती परत आणता येत नाही, मोत्याला पॉलिश नसतं. हिरा तर सगळ्यांनाच ओरखडतो, त्याच्याशेजारी तोडे घातलेस तर संध्याकाळपर्यंत तोड्यावर बारीक रेषा दिसतील. म्हणून मोत्याच्या बांगड्यांच्या दोन्ही बाजूंना साधी, बिनखड्यांची सोन्याची पाटली घाल, सोनं मऊ असतं, मोत्याला जपतं. काच त्या पाटल्यांच्या पलीकडे. हिऱ्याचं कडं चुड्यात घालूच नकोस, रिसेप्शनला एकटंच घाल, उठून पण दिसेल. परफ्यूम, हेअरस्प्रे आणि मेंदीचं तेल सगळं झाल्यावर सगळ्यात शेवटी मोती चढव, आणि रात्री काढल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसून सुती कापडात ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.