रूमवर घरमालकाचं वायफाय आहे, प्रायव्हसीसाठी प्रॉक्सी घेऊ का व्हीपीएन? फुकटातलं चालेल का?

तुम्ही लिहिलंय की विश्रामबागला रूम करून राहताय, नेट घरमालकाचं आहे आणि आपण काय बघतो ते त्यांना दिसू नये. मी सांगलीत दुकानांची आणि ऑफिसांची नेटवर्कं बघतो, केबल ओढण्यापासून राउटर बसवण्यापर्यंत सगळं, त्यामुळं हा प्रश्न मला आठवड्यातनं एकदा तरी कोण ना कोण विचारतंच. दोघांतलं एक घ्यायचं तर व्हीपीएन घ्या. पण दिसेल ते फुकटचं ॲप टाकणार असाल तर दोन्ही नको, आहे तसं वापरा, ते परवडलं.

लहानपणी आज्ज्याबरोबर खरसुंडीच्या यात्रेला जायचो, तिथं खिल्लार बैलांचा सौदा व्हायचा. मध्ये दलाल असायचा आणि भाव कुणी तोंडानं बोलायचं नाही, रुमालाखाली हात घालून बोटं धरून सांगायचे, भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा कुणाला कळायचा नाही. प्रॉक्सी म्हणजे नुसता दलाल, रुमाल नाही. तुमच्या वतीनं तो वेबसाइटकडं जातो, वेबसाइटला तुमच्याऐवजी त्याचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, दिसतो, बस. तुम्ही त्याला जे सांगता ते मधल्या राउटरला आणि नेटवाल्याला ऐकू येतच असतं, कारण प्रॉक्सी स्वतःहून काही एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये असं कुलूपबंद करत नाही, सॉक्स फाइव्ह प्रकारचा प्रॉक्सी असला तरी तेच. आणि बहुतेक वेळा तो ब्राउजरपुरताच लागतो, फोनमधली बाकीची ॲपं आपापल्या वाटेनं जातात.

व्हीपीएनमध्ये दलाल पण आहे आणि रुमाल पण. फोनमधनं निघणारं सगळं गुंडाळून त्यांच्या सर्व्हरपर्यंत जातं, घरमालकाच्या राउटरला फक्त एकच पत्ता दिसतो आणि किती डेटा गेला ते. पण बोटं दलालाच्या हातात आहेत हे विसरू नका. जे आधी नेटवाल्याला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, म्हणजे तुम्ही फक्त विश्वास ठेवायचा माणूस बदलला.

घरमालकाला आत्ता काय दिसतं तेही सांगतो, लोक उगाच घाबरतात. आता जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, तुमचं आणि साइटचं बोलणं त्यात एन्क्रिप्ट होऊन जातं, म्हणजे तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते नाव कळू शकतं, पण आत काय वाचलं, काय टाइप केलं, पासवर्ड काय, ते कळत नाही. इनकॉग्निटोचा इथं काही उपयोग नाही, ते फक्त तुमच्या फोनमध्ये हिस्ट्री ठेवत नाही. आणि जीमेलला लॉगिन करून बसलात तर व्हीपीएन लावा नाहीतर प्रॉक्सी, गूगलला तुम्ही कोण ते माहितीच आहे.

फुकटच्या प्रॉक्सीबद्दल मी एवढा चिडून का बोलतो ते ऐका. मागं मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातनं फोन आला, बँकेची साइट उघडताना लाल पान येतंय म्हणून. जाऊन बघतो तर ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं लिहून आलेलं आणि दिवाणजी रोज खाली ॲडव्हान्स्ड दाबून तसेच पुढं जात होते, दोन आठवडे. सेटिंगमध्ये गेलो तर प्रॉक्सीच्या रकान्यात कुठला तरी परदेशातला आयपी आणि पुढं पोर्ट नंबर ८०८०. मालकांच्या भाच्यानं कुठली तरी ब्लॉक असलेली साइट बघायला नेटवरच्या फुकट यादीतनं उचलून टाकलेला आणि काढायला विसरलेला. तो प्रॉक्सीवाला मध्ये साइटच्या सर्टिफिकेटऐवजी, म्हणजे तिच्या ओळखपत्राऐवजी, स्वतःचं घालून सगळं उघडून वाचू शकत होता, ते लाल पान तेच ओरडून सांगत होतं. पैसे गेले नाहीत, ओटीपीमुळं वाचले, पण मेलचा पासवर्ड गेला होता. त्या दिवशी गादीवर बसून संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक पासवर्ड बदलत होतो आणि दिवाणजींचा हात थरथरत होता, ते मी विसरलो नाही. तो लाल इशारा कधीच ओलांडू नका, कधीच.

फुकटची व्हीपीएन ॲपं पण तशीच. २०१६ साली संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲपं तपासली होती, त्यातली १८ टक्के काही एन्क्रिप्टच करत नव्हती आणि ३८ टक्क्यांत मालवेअरच्या खुणा सापडल्या. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट सेवेचं बाहेर आलं की ती आपल्याच युजरांचं नेट दुसऱ्यांना विकत होती, म्हणजे तुमच्या आयपीवरनं कोण काय करतंय तुम्हाला पत्ताच नाही. सगळं फुकटचं वाईट असं नाही, प्रोटॉन नावाच्या व्हीपीएनचा फुकट प्लॅन त्यांच्या पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतो आणि डेटाची मर्यादा नाही, विद्यार्थ्याला तेवढं पुरतं.

आपल्याकडं अजून एक आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आयपी असली माहिती ५ वर्षं ठेवायची. त्यावरनं एक्सप्रेस, नॉर्ड, प्रोटॉन या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले. त्यामुळं सर्व्हर निवडता येत असेल तर सिंगापूरसारखा जवळचा बाहेरचा बघा, स्पीड बरा मिळतो. बँकेच्या ॲपला मात्र व्हीपीएन बंद करा, काही बँका परदेशी आयपी बघून अडवतात.

आणि तुमचं काम कदाचित एवढ्यानंही भागेल: अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरनं तिचा आयपी शोधून देणारी सेवा) चालू करा, एक पैसा लागत नाही, साइटचं नाव विचारणं तरी झाकून जातं. पूर्ण झाकत नाही, साइट उघडताना नाव अजून डोकावतं. ते पण नको असेल तर व्हीपीएन टाका आणि सेटिंगमध्ये ऑलवेज-ऑन आणि त्याखालचं ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा’ हे दोन्ही चालू करा, नाहीतर वायफाय तुटून परत जोडताना मधले काही सेकंद सगळं उघडं जातं. बँकेच्या ॲपसाठी व्हीपीएन बंद करताना मात्र हे दोन्ही पण बंद करा, नाहीतर नेटच चालणार नाही. चालू असताना फोनच्या वरच्या पट्टीत छोटी किल्ली दिसते. ती दिसत नसेल तर थांबा, आधी कनेक्ट होऊ दे.