समुद्रावर वाहून आलेल्या वस्तू शोधत फिरण्यात अर्थ आहे का, की नुसता कचराच असतो? (गुहागरला जातोय)

"नुसता कचरा" वाचलं आणि राहवलं नाही. आमचे भावोजी अगदी हेच म्हणतात.

गुहागरचाच आहे मी. एका श्रावणात उधाणाची भरती उतरल्यावर पुळणीवर गेलो होतो, भावोजीही सोबत होते, आणि भरतीच्या रेघेत काटक्या-चपलांच्या ढिगाऱ्यात मला गारंबीची बी सापडली. तपकिरी, चपटी, घोटल्यासारखी चकचकीत, रुपयाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी. भावोजी म्हणाले, हे कुणीतरी दुकानातून आणून टाकलंय, एवढं जड बी तरंगेल होय? घरी आलो, पडवीत बादली भरली, त्यात टाकली. तरंगली! तिच्या दोन डाळींच्या मधे पोकळी असते, हवा भरलेली, म्हणून बुडत नाही. हिचा वेल सह्याद्रीच्या जंगलात, शेंग हातभर नाहीतर त्याहून लांब, पावसात बिया ओहळात पडतात, ओहळातून नदीत. आपली वाशिष्ठी चिपळूणवरून येऊन दाभोळ-अंजनवेलला समुद्राला मिळते, अंजनवेलच्या खालीच गुहागर, आता सांगा ती बी इथे येणार नाही तर कुठे जाणार? तरी भावोजी म्हणाले, तरंगली तरी कचराच की. जंगलातून समुद्रापर्यंत येऊन रुजायची ताकद राखून असलेल्या बीला कचरा म्हणायचं म्हणजे कमाल आहे, मला हे आजही पटत नाही.

तर, पावसाळ्यात जा. नैर्ऋत्येचा वारा सगळं किनाऱ्याकडे लोटत असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, ते उतरायला लागलं की भरतीच्या रेघेने चालत राहायचं, पाण्यात मात्र अजिबात उतरायचं नाही. समुद्रफेस मिळेल, म्हणजे म्हाकुलाचं पांढरं हलकं हाड, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ते. जाळ्यांचे बोये, घासून गुळगुळीत झालेल्या काचा, कधी एखादी चप्पल बघा, तिला खालून बार्नॅकल (कठीण कवचाचे, चिकटून राहणारे छोटे समुद्री जीव) चिकटलेले असतात, म्हणजे ती बराच काळ पाण्यात फिरून आलीय. प्लॅस्टिक तर भरपूर, ते पिशवीत भरून आणा, त्याला मी पण कचराच म्हणतो. काळे चिकट डांबरगोळे पायाला लागले तर खोबरेल तेलाने निघतात.

हां, आणि निळ्या फुग्यासारखा जेलीफिशसारखा जीव (ब्लू बॉटल) पडलेला दिसला तर हात लावू नका, मेलेला असला तरी डंख बसतो. शंख उचलताना आत कुणी राहतंय का बघा, खेकडे रिकाम्या शंखात घर करतात. काही जातींचे शंख कायद्याने संरक्षित आहेत. व्हेलची उलटी सापडली तर वन विभागाला कळवा, विकायला गेलात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ अटक होईल.

गारंबी मिळाली तर बादलीत टाकून बघा आणि फोटो इथे टाका, भावोजींना पाठवतो.