‘धीराने धावावे’ : धीर धरायचा की धावायचे?

प्रश्न असा आहे : बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायाच्या सुरुवातीला, नेमून दिलेल्या धावेवरून ‘धीराने धावावे’ असे म्हटले आहे. पण ‘जरा धीर धर’ आपण कुणाला थांबवायलाच म्हणतो. मग धीराने धावायचे कसे?

घोळ ‘धरणे’मुळे होतो. धीर धरला की वाट पाहणे आले. पण धीर सुटतो, खचतो, एकवटतो, तेव्हा थांबण्याचा काही संबंध नसतो. ‘धीराने’ हे या दुसऱ्या गोतातले. मूळ ग्रीक शब्द हुपोमोने. हुपो म्हणजे खाली, मेनो म्हणजे राहणे. अंगावर ओझे असतानाही जागा न सोडणे. दोनच वचने पुढे, तिसऱ्या वचनात, मन खचून थकून जाऊ नका असे आले आहे, म्हणजे विरुद्धार्थ लेखकानेच दिलेला आहे.

पर्याय म्हणून ‘चिकाटी’ सुचवतात. चालेल, पण त्यात सोसणे येत नाही. ‘सहनशीलता’ नको : गलतीकरांस पत्रात (५:२२) तो शब्द माक्रोथुमिया या ग्रीक शब्दासाठी खर्ची पडला आहे, आणि माक्रोथुमिया माणसांना सोसण्याबद्दल आहे, हुपोमोने बहुधा परिस्थितीबद्दल. माझे मत विचाराल तर ‘तग धरून’ सर्वांत जवळचे.

आता ‘धाव’. ही क्रिकेटमधली नव्हे; धावण्याचा नेमलेला मार्ग. तीमथ्याला दुसऱ्या पत्रातल्या (४:७) ‘धाव संपवली आहे’ला मुळात द्रोमॉस, म्हणजे धावमार्ग, आहे. इब्री लोकांस पत्रात मात्र आगोन, म्हणजे झुंज किंवा स्पर्धा. गंमत म्हणजे तीमथ्याच्या त्याच वचनात आगोनचे मराठीत ‘सुयुद्ध’ झाले आहे. इब्रीतल्या ‘धावे’त ती झटापट पुसट होते.

प्रवचनात करिंथकरांस पहिल्या पत्रातली (९:२४) शर्यत याच्याशी सर्रास जोडतात. तिथला शब्द स्टादियोन, मैदानाची एक लांबी. ऑलिंपियात सुमारे १९२ मीटर. ती जोरात मारायची छोटी धाव, आणि ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा भर पुढच्याच वचनात इंद्रियदमनावर, म्हणजे शर्यतीआधीच्या तयारीवर आहे. लांब पल्ल्याची शर्यत वेगळी, तिला दोलिखोस म्हणत. मॅरेथॉनचा दाखला द्यायचा तर जरूर द्या, पण पौलाच्या काळात ती स्पर्धा नव्हती; ती १८९६ साली अथेन्समध्ये सुरू झाली.

आणि ‘धीराने’चा अर्थ ‘हळूहळू’ असा सांगू नये. तो ‘धीम्या’ गतीशी झालेला गोंधळ आहे. या वचनात वेगाबद्दल एक अक्षरही नाही.