वाचकांचे प्रश्न : एकाच शिवारात पूर आणि भेगा

प्रश्न : आमची जमीन बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून आहे. २०१९ साली उभे भात पाण्याखाली कुजले आणि २०२३ साली ऐन ऑगस्टमध्ये खाचरांना भेगा पडल्या. तापमानवाढीमुळे पाऊस वाढणार असे एकीकडे वाचतो, तर दुष्काळ वाढणार असे दुसरीकडे. यातले खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे आहे आणि दोहोंचे मूळ एकच आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते; जगात वर्षभरात पडणारा एकूण पाऊस मात्र अंशामागे दोन ते तीन टक्क्यांनीच वाढतो. म्हणजे घागर मोठी झाली, पण ती भरणारी धार तेवढी वाढली नाही. त्यामुळे भरायला वेळ लागतो आणि उपडी होते तेव्हा एकदम होते. मधल्या उघडिपीत हीच तापलेली हवा जमिनीतली ओल पूर्वीपेक्षा लवकर शोषून घेते. तरण्या-म्हाताऱ्या पावसाची आठ-आठ दिवसांची झड जमिनीत मुरत असे. तेवढेच पाणी दोन दिवसांत कोसळले, तर ते बांध फोडून नाल्याला मिळते आणि वर्षाची सरासरी मात्र कागदावर बरोबर दिसते. म्हणूनच नुसत्या सरासरीवर विसंबू नये, असे माझे मत आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मोसमी वाऱ्यांचे चक्र क्षीण होत असतानाही मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसून आले. आपला भाग त्या पट्ट्याच्या दक्षिणेला येत असला, तरी बाष्प पुरवणारा अरबी समुद्र तोच आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यात एल निनोचाही, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याचाही, हात होता. त्या वर्षी कर्नाटकातील २३६ पैकी २०० हून अधिक तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. आपल्या बेळगाव जिल्ह्यात मुळातच पश्चिमेला घाटातल्या कणकुंबीला जेवढे पडते, त्याच्या पाव हिस्साही पूर्वेला अथणीकडे पडत नाही. अशा ठिकाणी पावसाचे दिवस थोडे जरी मागेपुढे झाले, तरी पूर्वेकडच्या कोरडवाहू पिकांना त्याचा फटका आधी बसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. आपल्या शिवारातल्या पुराचे सगळे खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही. नाल्यात साचलेला गाळ, वाढलेली जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणे ही आपल्याच हातची कामे आहेत. पाऊस अधिक जोराने येणार हे कळल्यावर नाला मोकळा ठेवणे पूर्वीपेक्षा जास्त निकडीचे झाले आहे. ‘हवामान बदलले’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

प्रश्न : समुद्राची पातळी वाढणार म्हणतात. बेळगावला त्याचे काय?

उत्तर : १९०१ ते २०१८ या काळात ती सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तेव्हा पाणी घाट चढून येण्याची भीती नाही. मात्र अरबी समुद्र तापला की वादळांना बळ मिळते. मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलेले तौक्ते चक्रीवादळ आठवत असेल.

प्रश्न : घरच्या बासमतीचा वास पूर्वीसारखा दरवळत नाही, असे आमच्या आई म्हणतात. यालाही उष्णताच कारण असेल का?

उत्तर : आईंचे निरीक्षण थट्टेवारी नेण्यासारखे नाही. सुवासिक भाताच्या दाण्यात वासाचे द्रव्य भरते ते निसवल्यानंतरच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांत, आणि त्या वेळी हवा थंड असेल तर ते अधिक टिकते. दिवसा पानांनी तयार केलेल्या साखरेचा काही भाग रोप रात्री श्वसनात खर्च करते. रात्र उबदार असेल, तर हा खर्च वाढतो आणि दाण्यात भरायला कमी उरते. फुलोऱ्याच्या दिवसांत पारा ३५ अंशांच्या वर गेला, तर फलधारणाच नीट होत नाही आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतातील नोंदींवरून २००४ साली असे मांडले गेले, की उन्हाळी हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटते. आपल्याकडील ऑक्टोबरच्या रात्री तिथल्यापेक्षा थंड असतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा येथे लावू नये.

तरीही वास गेला की आधी बियाणे तपासावे. वर्षानुवर्षे घरचेच बी वापरताना शेजारच्या वाणाची भेसळ झाली असेल, तर दोष हवेचा नव्हे. पुढच्या हंगामात एकाच जातीच्या, सारख्या उंचीच्या, एकदम निसवलेल्या लोंब्या निवडून त्यांचे बी वेगळ्या मडक्यात ठेवा, आणि त्याच दिवसांत साधा तापमापक सावलीत टांगून पहाटेचा पारा वहीत टिपून ठेवा. तांदूळ शिजल्यावर आईंचे मत आणि वहीतले आकडे दोन्ही आम्हाला कळवा.