शब्दकोडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘वाड्यातील जागा, तीन अक्षरे’ असे सूचक वाक्य होते. ओसरी, पडवी, देवडी हे तिन्ही शब्द बसतात. कोणता लिहायचा?

उत्तर : एवढ्यावरून ठरत नाही, छेदणारा उभा शब्द आधी सोडवा. तिन्ही शब्दांत एकाही घरातले अक्षर सारखे नाही, त्यामुळे एक अक्षर मिळाले तरी निकाल लागतो. सूचक वाक्य नेमके असेल तर जागेचे काम पाहा. देवडी म्हणजे दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांनी बसायची जागा. पडवी मुख्य छपराला जोडलेल्या उतरत्या छपराखाली असते. ओसरी घराच्या दर्शनी बाजूला किंवा चौकाभोवती.

सूचक वाक्यातले लिंग फार जण वाचतच नाहीत, आणि तिथेच उत्तर हातचे जाते. ‘धान्य साठवण्याची’ म्हटले की कणगी, ‘साठवण्याचा’ म्हटले की कणगा, ‘साठवण्याचे’ म्हटले की कोठार. तिन्ही तीन अक्षरीच. ‘साठवण्याचे’ असून घरे दोनच असतील तर पेव, म्हणजे जमिनीखालचे. वचनाचेही तसेच. ‘तटातील बंदुकीच्या माऱ्याची छिद्रे’ म्हणजे जंग्या; एकच छिद्र विचारले असेल तर जंगी.

प्रश्न : ‘जंग्या’ला तीन घरे लागतील असे वाटले होते. ‘बुरुज’ लिहिले तर उभा शब्द जुळेना.

उत्तर : एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-अनुस्वारासह, जोडाक्षरही एकच धरायचे. म्हणून जं-ग्या दोन, तटाच्या माथ्यावरच्या च-र्या दोन, खं-द-क तीन.

शब्द ‘बुरूज’ असा आहे. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो : वीट, चूल, कुलूप. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, म्हणून सूचक वाक्यात ‘बुरुजावर’ दिसले तरी घरात ‘रू’ भरायचा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात येत नाहीत. ‘मंदिर’मध्ये ‘दि’ ऱ्हस्वच.

प्रश्न : गवंड्याची साधने नेहमी गोंधळात टाकतात. ओळंबा की गुण्या?

उत्तर : भिंत उभ्यात सरळ आहे का, ते दोरीला टांगलेले वजन दाखवते, तो ओळंबा, तीन घरे. काटकोन तपासायचा तो गुण्या, दोन घरे. सुताराकडेही गुण्या असतो, तेव्हा कारागिराच्या नावापेक्षा काम काय विचारले आहे ते वाचा.